कोकणातल्या दमट हवेत मांजराचा लिटर बॉक्स कोरडा कसा ठेवायचा

लिटर बॉक्सबद्दलचे, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या ट्रेबद्दलचे, बरेचसे सल्ले कोरड्या हवेच्या शहरांतले असतात, आणि आपल्याकडे रत्नागिरी-देवगड-मालवण पट्ट्यात ते पावसाळ्यात पार कोलमडतात. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो नसेल तेव्हाही खारी दमट हवा आहेच. मांजर बिचारं स्वच्छच असतं, खड्डा करून वर नीट झाकून येतं, पण शूमधल्या युरियाचा बॅक्टेरिया अमोनिया करतात आणि ओल नि उकाडा दोन्ही मिळालं की हे काम झपाट्याने होतं. म्हणून सुगंधी स्प्रे मारण्यापेक्षा ओल कशी कमी करायची ते बघा, बाकी अर्धं काम आपोआप होतं.

आधी लिटरचं, म्हणजे ट्रेमध्ये घालायच्या दाण्यांचं. बाजारात जे गुठळी होणारं लिटर मिळतं ती बेंटोनाइट माती असते, आपल्या देशात ती मुख्यतः कच्छ आणि राजस्थानातून येते. पाणी प्यायली की फुगते म्हणून तिची गुठळी होते, पण ही माती हवेतली ओलसुद्धा ओढते, त्यामुळे आषाढात पिशवी नुसती पिन लावून कोपऱ्यात ठेवली की दाणे मऊ पडतात आणि मग गुठळी न होता ट्रेच्या तळाला चिखल बसतो जो उलथन्याने खरवडावा लागतो. आणल्या आणल्या ते घट्ट झाकणाच्या पिंपात ओतायचं, तांदळाला ठेवतो तसल्या, आणि पिंप जमिनीला न टेकवता फळीवर ठेवायचं. ट्रेमध्ये दोन-तीन इंच थर पुरे, ढीग घालून उपयोग नाही.

बरेच जण पुळणीवरची वाळू आणतात, फुकट असते म्हणून. नका आणू. त्यात मीठ असतं, मीठ ओल धरतं, ती वाळू पावसात कधीच सुकत नाही आणि गुठळीही होत नाही. चुलीतली राख तर अजिबात नको, ओली झाली की पंजांना झोंबते आणि मांजर तेच पंजे चाटतं. भाताचं तूस हलकं असतं, फारसं शोषत नाही आणि घरभर उडतं. त्यातल्या त्यात सॉमिलवरचा भुसा बरा, पण साध्या लाकडाचा हवा, प्लायवूडचा नको, आणि पावसात त्याला बुरशी धरते म्हणून दोन-तीन दिवसांनी सगळाच बदलायचा.

ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी हवा. दुकानातले महागडे छोटे ट्रे घेण्यापेक्षा उंच कडांचा साधा प्लॅस्टिकचा टब घ्या आणि एका बाजूने आत शिरायला कड कापा, कापलेली धार पॉलिश पेपरने घासायला विसरू नका. मांजरं जितकी त्यापेक्षा एक टब जास्त, हा नियम सगळीकडेच आहे, म्हणजे एका मांजराला दोन, आणि आपल्याकडे ते लागतातच, कारण श्रावणापर्यंत ऊन नसतं आणि धुतलेला टब आतून सुकायलाच दीड-दोन दिवस जातात. ओल्या टबात नवीन लिटर ओतलं की सगळी मेहनत वाया.

टब ठेवायचा कुठे? मागच्या पडवीत पागोळ्यांचे शिंतोडे येतात, न्हाणीत सतत पाणी, म्हणून जिन्याखालची किंवा खिडकीजवळची कोरडी हवेशीर जागा बघा. खाण्याच्या ताटलीपासून लांब. आणि भिंत बघा! प्लास्टर नसलेला चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो, बोका उभ्याने शू करतो ती त्या भोकांमध्ये जाते आणि पुढच्या पावसाच्या दमटपणात तोच वास परत उठतो. भिंतीला हातभर उंचीपर्यंत ताडपत्रीचा तुकडा लावा, तोच पुढे टबाखाली येऊ द्या, म्हणजे मधे फट राहत नाही. शेणाने सारवलेली जमीन असेल आणि शू मुरली असेल तर वरून सारवून वास दाबला जात नाही, तेवढा ओला थर खुरप्याने काढून टाका, नवी माती चोपून कोरडी होऊ द्या, मग सारवा. टबासमोर काथ्याचं पायपुसणं टाका, पंजांना चिकटलेले दाणे त्यातच अडकतात, आणि ते उलटं करून झटकलं की झालं.

रोजचं काम फार नाही. सकाळ-संध्याकाळ स्कूपने शी आणि गुठळ्या काढायच्या. घरात बांगडा-तारल्यांची डोकी खाणारं मांजर असेल तर संध्याकाळची फेरी चुकवू नका, वास लगेच कळतो. पावसात आठवड्याने, उन्हाळ्यात पंधरवड्याने सगळं रिकामं करून साबण नि गरम पाण्याने टब धुवायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे काहीही घाण झाली की हात पहिला फिनेलच्या बाटलीकडे जातो, मांजराच्या घरात ते चालणार नाही. फिनेलमधली फिनॉलसारखी द्रव्यं पचवून बाहेर टाकायला मांजराचं यकृत कमी पडतं, ते त्या फरशीवरून चालतं, पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. डेटॉलचंही तेच, डांबर गोळ्या, कापूर, निलगिरीचं तेल हेही टबाजवळ नको. ब्लीच शूवर ओतू नका, अमोनियाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो. फरशीवर जुना डाग असेल तर एन्झाइमवाला क्लीनर लावा, नाहीतर पाणी घातलेलं व्हिनेगर, पण शहाबादी असेल तर व्हिनेगर नको, तो चुनखडीचाच दगड, आम्लाने खाल्ला जातो.

काढलेली घाण कागदात गुंडाळून कचऱ्यात. संडासात टाकली तर बेंटोनाइट फुगून पाइप तुंबतो. विहिरीजवळ, व्हाळात, अळवाच्या किंवा भाजीच्या वाफ्यात तर मुळीच नको, मांजराच्या शीतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा रोगजंतू येऊ शकतो आणि तो मातीत कित्येक महिने टिकतो. ताज्या शीतून तो लगेच लागत नाही, पसरण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोज साफ करणं हीच मोठी काळजी आहे. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करा, कोणीच नसेल तर ग्लोव्ह्ज घाला. मांजराला घरातून घालवायची गरज नाही, कोणी कितीही सांगू दे.

गणपतीत चाकरमानी आले की टब लपवायची घाई होते, आणि मग मांजर कोणाच्या तरी गादीवर करतं आणि मार खातं. जागा बदलायचीच असेल तर आठ-दहा दिवस आधीपासून रोज हात-दोन हात सरकवा.

आणि गुठळ्या काढताना त्या किती आणि केवढ्या हे बघत जा. बोका सारखा टबात जाऊन बसतोय, कण्हतोय आणि लिटर कोरडंच आहे, तर ते बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसू नका. शू अडकली असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्र असो की धो धो पाऊस, करंडीत घालून तसाच डॉक्टरकडे न्या.