संपादकात चालतं, ईएक्सईत बिघडतं: बेसिकमध्ये सिरियल पोर्ट वाचताना या चुका टाळा

क्विकबेसिक ४.५ (डॉसवरची मायक्रोसॉफ्टची जुनी बेसिक) च्या संपादकात, म्हणजे जिथे कोड लिहून तिथेच चालवता येतो, एफ५ दाबलं की सिरियल पोर्टाला (एकामागून एक बिट घेणाऱ्या जोडणीला) लावलेल्या वजनकाट्याचा आकडा स्क्रीनवर बरोबर येतो. तोच प्रोग्रॅम कम्पाइल करून, म्हणजे स्वतंत्र चालणारी ईएक्सई फाइल करून चालवला की कधी अर्धाच आकडा येतो, कधी दोन आकडे एकमेकांना चिकटून. मग लोक केबल बदलतात, पोर्ट बदलतात. दोष बहुतेक वेळा वाचण्याच्या पद्धतीत असतो.

पोर्टाला 'ओळ' कळत नाही, त्याला फक्त बाइट कळतात. ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), ८ डेटा बिट, पॅरिटी (चूक तपासणारा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट अशा मांडणीत स्टार्ट बिट धरून एका अक्षराला १० बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं, एकेक अक्षर साधारण एका मिलिसेकंदाने. एलओसी (आलेली पण न वाचलेली अक्षरं किती ते सांगणारं फंक्शन) शून्याहून मोठा दिसताच 'इनपुट$(एलओसी(१), #१)' केलं, तर कम्पाइल केलेला चपळ लूप पहिली दोन-तीन अक्षरंच उचलतो. संपादकात सगळं संथ चालतं, तेवढ्यात पूर्ण संदेश जमा झालेला असतो. तिथलं यश हा निव्वळ योगायोग.

यावर फॉर-नेक्स्टचा रिकामा लूप टाकून थांबू नका. ईएक्सईत तोही झटक्यात संपतो. आलेली अक्षरं एका स्ट्रिंगला जोडत जा. स्ट्रिंगमध्ये शोधणाऱ्या इन्स्ट्र फंक्शनने कॅरेज रिटर्न, म्हणजे ओळ संपल्याची खूण सीएचआर$(१३), शोधा. तो सापडला तरच त्याच्या आधीचा भाग कापून वापरा आणि उरलेला पुढच्या फेरीसाठी जपून ठेवा. तो उरलेला भाग फेकून देणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण पुढच्या संदेशाचं डोकं त्यातच असतं.

'इनपुट #' तर इथे नकोच, स्वल्पविराम दिसला की तो मजकूर तोडतो. 'लाइन इनपुट #' कॅरेज रिटर्नची वाट पाहत बसतो. काटा बंद असेल तर प्रोग्रॅमही गोठला. त्यात /डी (कंट्रोल-ब्रेक तपासायला लावणारा पर्याय) न देता कम्पाइल केलं असेल, तर कंट्रोल-ब्रेकवरही भरवसा ठेवू नका.

'ऑन कॉम' (पोर्टावर अक्षर आलं की ठरलेला भाग आपोआप चालवणारा आदेश) वापरणाऱ्यांसाठी वेगळा सापळा आहे. बीसी या कम्पायलरने कम्पाइल करताना अशा घटना तपासण्यासाठी /व्ही किंवा /डब्ल्यू द्यावा लागतो. एकाच मॉड्यूलला (प्रोग्रॅमच्या एका फाइलला) दिला आणि बाकीच्यांना नाही, तर त्या बाकीच्यांत प्रोग्रॅम असेपर्यंत अक्षर आल्याची घटना तपासलीच जात नाही. मला तरी साधा पोलिंग लूपच, म्हणजे पोर्ट पुन्हा पुन्हा स्वतः तपासणारा लूप, बरा वाटतो, निदान चूक कुठे आहे ते दिसतं.

लूप रेंगाळला तर बफर, म्हणजे आलेली अक्षरं तात्पुरती साठवणारी जागा, भरतो. तो मुळात ५१२ बाइटचा, म्हणजे वरच्या वेगाने अर्ध्या सेकंदाचा. भरून वाहिला की एरर ६९. पोर्ट उघडणाऱ्या ओपन आदेशात आरबी (बफरचा आकार) देऊन किंवा कम्पाइल करताना /सी देऊन तो वाढवता येतो. पण मधेच मोठी फाइल लिहीत बसलात तर वाढवलेलाही पुरणार नाही.

ओपनमध्ये पॅरिटी आणि डेटा बिट लिहायला विसरलात, तर क्विकबेसिक सम पॅरिटी आणि ७ बिट धरतं. वेगही लिहिला नाही तर ३००. तीनच तारांची केबल असेल तर सीएस०, डीएस०, सीडी० (या तीन सिग्नलांची वाट पाहू नको, असं सांगणारे पर्याय) हेही लिहा. नाहीतर नसलेल्या तारांवरचे सिग्नल शोधत प्रोग्रॅम एरर २४ (वाट पाहण्याची मुदत संपली) देईल, आणि तुम्ही पुन्हा केबल बदलायला जाल.