जुन्या इंजिनाची बग्गी रानात नेण्यापूर्वी

कोल्हापुरातल्या आमच्या शेडमध्ये जी बग्गी उभी आहे, तिचा सांगाडा पाइप वाकवून आणि वेल्डिंग करून केलेला, आसने भंगारातून उचललेली आणि इंजिन मोडीत निघालेल्या एका मारुती ८००चे आहे. ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे आणि कार्बोरेटरवर चालणारे हे इंजिन १९८३च्या पहिल्या मारुतीपासून देशभर इतक्या गाड्यांत बसले, की २०१४ मध्ये त्या गाडीचे उत्पादन थांबल्यानंतरही त्याचे प्लग, गॅस्केट, वॉटर पंप आणि क्लच प्लेट तालुक्याच्या गावी सहज मिळतात. ते निवडण्याचे खरे कारण हेच आहे. ताकदीचे म्हणाल तर नवे असतानाही ती सुमारे ३७ अश्वशक्तीच होती आणि आता त्यातली किती उरली असेल याचा हिशेब आम्ही करत नाही. मात्र अशी बग्गी दर वेळी रानातून स्वतःच्या चाकांवर परत यायची असेल, तर निघण्यापूर्वी काय काय पाहावे याची यादी असावी लागते. आमचा अनुभव असा, की झिजलेले इंजिन बोअर (सिलिंडरची आतली भिंत) आणि पिस्टनमुळे क्वचितच वाटेत बंद पडते. ते बंद पडते आपण त्याच्या भोवती जोडलेल्या नळ्या, तारा आणि पट्ट्यांमुळे. म्हणून पुढच्या यादीत जास्त भर त्यांच्यावरच आहे.

पहिले काम आठ दिवस आधी करावे आणि ते म्हणजे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, मोजणे. इंजिन गरम करून तिन्ही प्लग काढावेत, कॉइलची तार सुटी करावी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि एकेका सिलिंडरला गेज लावून स्टार्टर मारावा. आकडा किती येतो यापेक्षा तिघांत फरक किती आहे ते अधिक महत्त्वाचे असते. एखादे सिलिंडर बरेच मागे पडले, तर त्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. शेजारशेजारची दोन सिलिंडरे एकदम पडली असतील, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधली सीलची पत्री) त्या दोहोंच्या मध्ये फुटले असण्याची शक्यता अधिक. रिंगा झिजल्या असल्या तरी आम्ही त्या सहलीपुरते इंजिन उघडत नाही, पण गॅस्केट फुटले असेल तर बेत रद्द करून हेड उतरवतो, कारण त्या दोषावर तडजोड चालत नाही. हेड उतरलेच आहे तर ते कोल्हापुरातल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत नेऊन सपाट आहे का ते तपासून घ्यावे आणि वाकलेले असल्यास फेसिंग करून, म्हणजे यंत्रावर सपाट करून, आणावे. नुसते नवे गॅस्केट घालून वाकलेले हेड परत आवळणे म्हणजे पैसे आणि रविवार दोन्ही वाया घालवणे. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची, फटही याच वेळी, पण इंजिन पूर्ण थंड असताना, फीलर गेजने लावावी. टॅपेट थोडे वाजले तरी चालते, फार घट्ट मात्र नसावे, कारण फट उरलीच नाही तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि जळतो. टायमिंग बेल्ट कधी बदलला होता हे खात्रीने आठवत नसेल, तर तो कधीच बदललेला नाही असे समजून नवा घालावा.

ऑइलच्या बाबतीत झिजलेल्या इंजिनाला थोडे दाट ऑइल मानवते, म्हणून आम्ही २०डब्ल्यू-५० वापरतो. या इंजिनात साधारण ३ लिटर ऑइल मावते आणि एवढ्याशा ऑइलमधून अर्धा लिटर जळून गेले तरी चढावर त्याचा परिणाम दिसतो. गाडी तिरकी झाली की चेंबरमधले ऑइल एका बाजूला जाते, पंपाची जाळी उघडी पडते आणि ऑइलचा दिवा क्षणभर लागतो. हा क्षणभराचा दिवा दुर्लक्षून चढ पूर्ण करण्याचा मोह होतो, पण तिथेच बेअरिंग घासते. त्यामुळे पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत आणून ठेवावी, त्याच्या वर मात्र भरू नये, कारण मग क्रँक ऑइलमध्ये फेस करतो आणि फेसाने दाब राहत नाही. इंजिन बंद केले की मागचे चाक उतारावर असतानाच पातळी पाहण्याची चूक आम्हीही केली आहे. गाडी सपाटीवर आणून पाच मिनिटे थांबावे आणि मगच डिपस्टिक ओढावी.

झिजलेल्या इंजिनात पिस्टनच्या कडेने वायू खाली उतरतात आणि ब्रीदरच्या (इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या) नळीतून ऑइलची वाफ घेऊन बाहेर येतात. ही नळी एअर फिल्टरला जोडलेली असेल, तर ते ऑइल फिरून कार्बोरेटरमध्ये आणि तिथून प्लगवर जाते. आम्ही ती तिथून काढून एका जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत सोडली, बाटलीत भांडी घासायची तारेची जाळी कोंबली आणि झाकणाला बारीक भोके पाडली. तेव्हापासून मधला प्लग, जो दर वेळी काळा आणि चिकट निघायचा, तो आता कोरडा, फिकट तपकिरी निघतो. निघण्यापूर्वी ही बाटली रिकामी करावी आणि तिची भोके मातीने बुजलेली नाहीत ना ते पाहावे.

सर्वांत जास्त वेळ थंडाईच्या व्यवस्थेला द्यावा. मूळ गाडीत इंजिन आणि रेडिएटर एकमेकांना लागून पुढे असतात. बग्गीत इंजिन मागे गेले आणि रेडिएटर पुढेच ठेवला, की पाण्याच्या नळ्या गाडीच्या लांबीइतक्या होतात. मग त्यांच्या उंच वळणात हवा अडकते, रेडिएटर भरलेला दिसतो आणि तरीही हेड कोरडे राहून तापते. त्यावर उपाय असा, की गाडीचा पुढचा भाग जॅकवर उचलून रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच आणावे, झाकण उघडे ठेवून थंड इंजिन चालू करावे, थर्मोस्टॅट (गरम झाल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडेपर्यंत थांबावे आणि नळ्या हाताने दाबत दाबत बुडबुडे निघू द्यावेत. बुडबुडे थांबले की पाणी भरून झाकण लावावे. बुडबुडे थांबतच नसतील, तर ती अडकलेली हवा नसून गॅस्केटमधून येणारा वायू आहे आणि कॉम्प्रेशनचे आकडे लिहिलेला कागद पुन्हा बाहेर काढावा.

होज पाइप दाबल्यावर करकरत असेल किंवा क्लिपजवळ फुगलेला दिसत असेल, तर त्याची परीक्षा रानात घेऊ नये. रेडिएटरचे झाकण ही क्षुल्लक वस्तू वाटते, पण तिच्या स्प्रिंगच्या दाबामुळेच पाणी शंभर अंशांच्या बरेच वर जाऊनही उकळत नाही. घाटमाथ्यावर हजार मीटर उंचीला उघडे पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळू लागते, त्यामुळे सैल झाकणाची गाडी सपाटीवर ठीक चालते आणि उंच घाटात वाफ सोडते. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला बरेच जण देतात. आम्ही तो मानत नाही, कारण इंजिन सतत गार राहिले तर पेट्रोल नीट जळत नाही, ते ऑइलमध्ये उतरते आणि झीज वाढते. वॉटर पंप फॅन बेल्टवरच फिरत असल्याने अंगठ्याने दाबून तो सेंटिमीटरभर दबतो एवढाच ताण ठेवावा आणि एक बेल्ट जादा बाळगावा. विजेच्या पंख्याला सेन्सरशिवाय हाताने चालू करण्याचा स्वतंत्र स्विच द्यावा. चिखलातून हळू चालताना तो आम्ही काटा वर जाण्याआधीच लावतो. रेडिएटरच्या पात्यांतला वाळलेला चिखल पाण्याच्या साध्या नळीने मागून पुढे धुवावा, जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात.

ठिणगीकडे वळताना आधी अर्थिंग पाहावे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, म्हणजे सांगाड्यापासून ते विजेच्या दृष्टीने वेगळेच असते, आणि दोघांना जोडणारी जाड पट्टी नसेल तर स्टार्टरचा प्रवाह मिळेल त्या वाटेने परततो. एकदा स्टार्टर मारताच आमच्या क्लच केबलच्या आवरणातून धूर निघाला. केबल बदलली, दुसऱ्या दिवशी तीही तापली, आणि मग लक्षात आले की अर्थिंगची पट्टी गंजून बोल्टखालीच तुटली होती आणि स्टार्टरचा सगळा प्रवाह त्या बिचाऱ्या केबलमधून वाहत होता. तेव्हापासून इंजिन ते सांगाडा आणि बॅटरी ते सांगाडा अशा दोन स्वतंत्र पट्ट्या, खालचा रंग खरवडून आणि वरून ग्रीस लावून आम्ही आवळतो. डिस्ट्रिब्युटरचे (एकेका प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाचे) झाकण आतून कोरडे करून त्यात केसासारखी काळी रेघ आहे का ते उजेडात पाहावे; अशा रेघेतून ठिणगी पळते आणि ओढ्यातून गेल्यावर गाडी मिसिंग करू लागते. जुन्या पॉइंटचा (ठिणगीसाठी प्रवाह तोडणाऱ्या संपर्काचा) डिस्ट्रिब्युटर असेल तर नवे पॉइंट आणि कंडेन्सर सोबत घ्यावेत. प्लगच्या तारा काढताना त्यांवर रंगाने १, २, ३ असे आकडे घालावेत, कारण या इंजिनाचा पेटण्याचा क्रम १-३-२ आहे आणि अंधारात, पावसात तो आठवेलच असे नाही.

पेट्रोलचा प्रश्न अलीकडे बदलला आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्या व डायफ्राम मऊ करते. त्यामुळे महिनोन्‌महिने टाकीत पडलेले पेट्रोल काढून टाकावे, टाकीचा तळ कोरडा करावा, नळ्या इंधनासाठी बनवलेल्याच घ्याव्यात आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवावा, म्हणजे आत पाणी किंवा गंज आला तर डोळ्यांना दिसतो. टाकीच्या झाकणातले हवेचे भोक मातीने बुजले, तर गाडी दहा मिनिटे छान चालते आणि मग पेट्रोल संपल्यासारखी बंद पडते; झाकण उघडताच आत हवा शिरल्याचा आवाज आला तर दोष तिथेच समजावा. मे महिन्याच्या उन्हात हा गाडीतला पंप तापून नळीत वाफ धरते, त्यावर ओले फडके गुंडाळणे हा जुना उपाय अजूनही सर्वांत खात्रीचा आहे, फक्त ते फडके फिरत्या बेल्टमध्ये जाणार नाही असे बांधावे. कार्बोरेटरखालचे जाड इन्सुलेटर तडकले की इंजिन बाजूने हवा धरते आणि कितीही स्क्रू फिरवला तरी आयडलिंग बसत नाही, म्हणून जेटला हात लावण्यापूर्वी तो जोड पाहावा.

आपल्याकडची लाल माती फार बारीक असते आणि एअर फिल्टरच्या पुढच्या रबरी नळीत एक जरी चीर असली, तरी ती सरळ बोअरमध्ये जाते. फिल्टर साफ करून बसवल्यावर नळीच्या आतून पांढरे फडके फिरवावे; त्यावर तांबूस छटा आली, तर फिल्टर कितीही महागाचा असला तरी त्याचा उपयोग नाही.

पेटीत १०, १२, १४ आणि १७चे पाने, प्लगचा बॉक्स पाना, पक्कड, होजच्या क्लिपा, बांधणीची तार, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, इन्सुलेशन टेप, एम-सील, फ्यूज, एक ॲक्सिलरेटर केबल, २ लिटर ऑइल आणि १० लिटर साधे पाणी असावे. अग्निशामक चालकाच्या हाताला लागेल असा आणि बॅटरी तोडणारा स्विच बाहेर उभ्या माणसालाही दिसेल असा बसवावा. हेल्मेट आणि पट्टा यांबद्दल वेगळे सांगत नाही. नोंदणी नसलेली ही बग्गी रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून ती टेम्पोत चढवून नेण्याची सोय आधी करावी, जागा खाजगी आणि मालकाच्या परवानगीची असावी, आणि कोकण-गोव्याच्या वाळूवर नेण्याचा विचार तर करूच नये. तिथे गुन्हा दाखल होतो आणि तो व्हायलाच हवा.

जागेवर पोहोचल्यावर लगेच रेस देऊ नये. इंजिन गरम होईपर्यंत मागे उभे राहून धूर पाहावा. सुरुवातीला निळसर धूर येऊन थांबला तर तो व्हॉल्व्हच्या सीलचा असतो आणि त्यावर दिवस निघतो. चढावर जोर लावताना सतत निळा आला तर रिंगांचा, काळा आला तर पेट्रोल जास्त जात आहे. पांढरा धूर थंडीत चालतो, पण इंजिन गरम झाल्यावरही राहिला आणि त्याला कूलंटचा (रेडिएटरच्या पाण्यात मिसळलेल्या द्रावणाचा) गोडसर वास असला तर तिथेच थांबावे. काटा चढला तर आधी भार काढावा, पंखा चालू ठेवून आयडलवर उभे राहावे आणि पाण्याची वाफ आधीच बाहेर येत असेल तर मात्र इंजिन बंद करावे. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडवर गार पाणी ओतू नये आणि अर्धा तास झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नये, मग सोबतचे लोक कितीही घाई करोत.

घरी आल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्बोरेटरच्या भांड्यात इथेनॉल साठून राहत नाही. बॅटरी सोडवावी, वहीत किती तास चालवली आणि किती ऑइल वर घालावे लागले ते लिहावे, आणि गरम इंजिनाखाली एक कोरा पुठ्ठा सरकवून शेड बंद करावी. सकाळी त्या पुठ्ठ्यावरचे डाग पाहावेत: गिअरबॉक्सच्या जोडाखाली काळा असेल तर मागचा ऑइल सील, पुढे हिरवा, म्हणजे कूलंटचा, असेल तर वॉटर पंप, आणि डाग न दिसता कडेला नुसता वासाचा सुरकुतलेला भाग असेल तर पेट्रोलची नळी. पुठ्ठ्यावर तारीख घालून तो भिंतीला टांगावा. आमच्या भिंतीवरच्या शेवटच्या दोन पुठ्ठ्यांवर हिरवा डाग जरा मोठा होत चालला आहे, म्हणून पुढच्या वेळेची यादी वॉटर पंपापासून सुरू होईल.