जुन्या सामानातून नवं स्वयंपाकघर: या चुका टाळा

नागपुरात महाल, इतवारी, धंतोलीतल्या जुन्या घराचं स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं की हल्ली प्रत्येकाला जुनंच सामान वापरायचं असतं. हौस रास्त आहे. लकडगंजात नवा साग घ्यायला गेलात तर तो पुरता वाळलेला मिळेलच असं नाही. घरात पन्नास वर्षं काढलेलं दार मात्र वाळलेलंच असतं. पण बहुतेक जण आधी मोबाइलवर फोटो पसंत करतात, मग थ्रीडी काढून घेतात आणि शेवटी जुना माल त्या चित्रात कोंबायला बघतात. नवं प्लाय हवं तसं कापता येतं. जुन्या ग्रॅनाइटची आणि जुन्या दारांची मापं मात्र ठरलेली असतात. म्हणून हातोडा लावण्याआधी प्रत्येक तुकड्याची लांबी, रुंदी, जाडी वहीत लिहा, मागे खडूने नंबर टाका, आणि नकाशा त्या यादीवरून काढा. एवढा धीर नसेल तर सरळ नवं घ्या. अर्धवट जुनं, अर्धवट नवं असं जे तयार होतं ते ना धड स्वस्त पडतं ना धड दिसतं.

ओट्याला सब्बल (पहार) लावणं

धरमपेठेतल्या एका घरात आठ फूट बाय दोन फुटांचा काळा ग्रॅनाइट होता, १८ मि.मी. जाड. सिंक डावीकडून उजवीकडे न्यायचं होतं, एवढंच. मिस्त्री म्हणाला, ‘निघते ना भाऊ, काही नाही होत,’ आणि समोरच्या कडेखाली सब्बल घातली. दगड सुटला, दोघांनी दोन टोकं धरून आडवाच उचलला आणि दारापर्यंत पोचण्याआधी सिंकच्या भोकापाशी तो दुभंगला. तेही सरळ नाही, तिरपी भेग पार मागच्या कडेपर्यंत. मग उरलेल्या जागेसाठी नवा तुकडा आणला. तो काळाच होता, पण दाणा वेगळा. आज त्या ओट्याकडे कोणीही पाहिलं की नजर आधी त्या जोडावर जाते.

हे होणारच होतं. दगड दाबाला भक्कम, वाकायला कच्चा. या जाडीच्या ग्रॅनाइटचं वजन चौरस फुटाला साधारण साडेचार किलो, म्हणजे सिंकचं भोक वजा केलं तरी साठ किलोच्या आसपास. २४ बाय १८ इंचाचं भोक कापलं की पुढे आणि मागे फक्त तीन-तीन इंचांच्या पट्ट्या उरतात. आडवा उचलला की सगळा भार त्या दोन पट्ट्यांवर.

नीट काढायचा तर क्रम असा. शेगडी आणि सिंक आधी बाजूला करा. भिंतीवरच्या टाइलची सगळ्यात खालची ओळ काढा, कारण ती दगडावर बसलेली असते. ती तशीच ठेवून दगड उचकटला की मागची कड उडते. मग जी पट्टी तुटणारच आहे ती स्वतः कापा: चार इंची ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून भोकाच्या बरोबर मध्यावर, पुढे तीन इंच आणि मागे तीन इंच. आता साठ किलोच्या एका नाजूक दगडाऐवजी कमी वजनाचे दोन धड तुकडे हातात येतात. खाली फूट-फूट अंतरावर लाकडी पाचरी हळूहळू ठोका आणि फटीतून हॅक्सॉचं पातं फिरवून मसाला सोडवा. सुटलेला तुकडा कडेवर उभा करूनच न्यायचा, आणि ठेवायचाही उभाच, खाली दोन लाकडी पट्ट्या टाकून भिंतीला टेकवून. परत बसवताना जोड पुन्हा सिंकच्या मध्यावर येऊ द्या, दिसेल ती फक्त तीन-तीन इंचांची रेघ. नवं सिंक जुन्या भोकाएवढं किंवा मोठं घ्या. भोक वाढवता येतं, कमी करता येत नाही, आणि हे सिंक खरेदी करून आणल्यावर आठवून उपयोग नसतो.

पाचर आत जातच नसेल, दगड खालच्या कडप्प्याशी सिमेंटने एकजीव झाला असेल, तर नाद सोडा. ओटा जागेवर राहू द्या, खालची शटरं आणि वरची भिंत बदला. स्वयंपाकघर नवं दिसतं ते मुख्यतः त्या दोनच गोष्टींमुळे. फक्त जुन्या फरशीवर नवी टाइल घालणार असाल तर जमीन पाऊण ते एक इंच वर येईल आणि ३४ इंचांचा ओटा ३३ इंचांचा होईल. घरातल्या सगळ्यात उंच माणसाला आधी विचारा.

कडप्पा आणि कोटा: मिस्त्रीच्या हातातली ॲसिडची बाटली काढून घ्या. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, ॲसिड पडलं की फसफसून वरचा थर जातो आणि दगड कायमचा भुरकट दिसतो. लिंबू आणि चिंचेचे डागही त्यामुळेच पडतात. डाग काढायचे तर ग्राइंडरला पाण्याचे पॉलिश पॅड लावा: ५०, १००, २००, ४०० नंबर, याच क्रमाने, एकही न गाळता. ४०० वर थांबलात तर कडप्पा सुंदर मॅट काळा होतो, आणि सागासोबत तो चकचकीतपेक्षा शोभून दिसतो. वर दगडाचा सीलर. पॅड गाळून वेळ वाचवणारे शेवटी गोल-गोल ओरखडे घेऊन बसतात.

नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हात) बसवलेली दारं

जुन्या सागाच्या दारांची खालच्या कपाटांसाठी शटरं करणं ही उत्तम कल्पना. ती बिघडते तारखेमुळे. शाळेला सुट्ट्या म्हणून काम मे महिन्यात काढलं जातं. तेव्हा नागपुरात दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली गेलेली असते, आणि साग जितका आकसायचा तितका आकसलेला. सुतार शटर इतकं घट्ट बसवतो की फटीत कागद जाऊ नये, आणि घरमालक खूश होतो. ऑगस्टमध्ये हवा ऐंशी टक्क्यांवर जाते आणि शटर उघडता उघडत नाही. मग रंधा मारतात. डिसेंबरपासून फट पडू लागते, पुढच्या मेमध्ये तिच्यातून झुरळ आरामात जातं, आणि खापर सुताराच्या डोक्यावर फुटतं.

लाकूड दोऱ्याच्या, म्हणजे त्यातल्या रेषांच्या, आडव्या दिशेने हलतं. लांबीत जवळजवळ नाही. सोळा इंच रुंद सागाची सलग फळी कोरड्या उन्हाळ्यापासून भर पावसापर्यंत दोन ते चार मि.मी. फुगू शकते. म्हणून मेमध्ये बसवताना शटरच्या चारही बाजूंना ३ मि.मी. फट हवीच. माप सोपं आहे: १ मि.मी. सनमायकाचे तीन तुकडे एकावर एक चिकटवा आणि तेच फटीत घालून तपासा. चौकटीच्या खाचेत बसणारं मधलं पॅनेल मोकळं ठेवा, दोन्ही बाजूंना दोन मि.मी. जागा देऊन. तिथे फेविकॉल लावलं की पावसात चौकटीचे सांधे उघडतात नाहीतर हिवाळ्यात पॅनेल मधोमध चिरतं. फेविकॉल फक्त चौकटीच्या सांध्यांना. पॉलिश सहाही बाजूंना, शटरची वरची-खालची कडसुद्धा. तिथेच दोऱ्याची तोंडं उघडी असतात आणि ओल सगळ्यात आधी तिथूनच शिरते. लाकूड कापण्याआधी पंधरा दिवस त्याच खोलीत ठेवा. त्या घरात दिवसभर कुलर चालत असेल तर तो चालूच ठेवा, कारण लाकडाला राहायचं त्याच हवेत आहे.

पावसाळ्यात मेलामाइन पॉलिश मारू नका, ओलसर हवेत ते पांढरट पडतं. तोडफोड आणि दगड ऑक्टोबर-नोव्हेंबरात, लाकूड जानेवारी-फेब्रुवारीत.

याच शटरांना हायड्रॉलिक (हळूच मिटणाऱ्या) हिंजेस लावायचा आग्रह असतो. साध्या हिंजेसचं ३५ मि.मी. व्यासाचं भोक साधारण १२ मि.मी. खोल असतं आणि त्या १६ ते २२ मि.मी. जाड शटरसाठी बनवलेल्या असतात. जुन्या दाराची उभी पट्टी ३० मि.मी. भरली की उघडताना कड शेजारी घासते. जाड शटरच्या वेगळ्या हिंजेस मागा, किंवा त्याच दाराच्या पितळी बिजागऱ्या चिंचेने घासून परत लावा. दुसरा पर्याय दिसायलाही सरस.

सागावर सनमायका चिकटवणाऱ्यांना काय सांगावं! एका बाजूला लावला तर शटर वाकतं, दोन्ही बाजूंना लावला तर साग वापरला कशाला?

जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या थरात शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना घातक. पेंट रिमूव्हर लावून खरवडा, मग ओल्या पॉलिशपेपरने घासा. रंध्याखाली देण्याआधी फळीवरून चुंबक फिरवा, मोडलेला एक खिळा पात्याची धार घालवतो.

चौकटीचा खालचा सहा-आठ इंच भाग, जो फरशीला टेकलेला होता, कापून टाका. उधई (वाळवी) असेल तर तिथेच असते.

सिंकखालच्या जुन्या प्लायला स्क्रूड्रायव्हर टोचा. आत गेला तर तो खोका फेका, नवा आयएस ७१० चा (मरीन प्लायचा) घ्या, शटर मात्र ठेवा. पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की त्यात स्क्रू धरत नाही, वाचवायला जाऊ नका.

स्टीलच्या जुन्या ट्रॉल्या नव्या टेलिस्कोपिक चॅनलवर छान चालतात. दर बाजूला साडेबारा-तेरा मि.मी. जागा लागते, म्हणजे खोक्याची आतली रुंदी ट्रॉलीपेक्षा २५-२६ मि.मी. जास्त. पाच मि.मी. कमी पडली तर ट्रॉली अडकते, जास्त झाली तर चॅनलच्या बेअरिंगच्या गोळ्या गळतात.

सावजी रस्सा ज्या घरात वारंवार होतो तिथे शेगडीमागच्या टाइलला पांढरा सिमेंट ग्राउट म्हणजे हळदीचं कायमचं आमंत्रण. इपॉक्सी ग्राउट घ्या.

इंडक्शन, ओव्हनसाठी १६ अँपिअरचे पॉइंट आणि ४ चौ. मि.मी.ची वायर टाइल लागण्याआधी टाकून घ्या. जुन्या भिंतीतल्या दीड चौ. मि.मी.च्या वायरवर त्यांचा भार टाकू नका.