पर्शियन मांजर घेताना आधी नाक बघा

लांब केस संकरित पिल्लालाही येतात; पर्शियन ओळखायचं ते हाडापेरावरून. पिल्लू टेबलावर उभं करून बाजूने बघा. पाय आखूड आणि जाड, छाती रुंद, मान आखूड, शेपूटही आखूड पण झुपकेदार. कान छोटे, टोकाशी गोल, एकमेकांपासून लांब. कान उंच आणि टोकदार असतील तर शुद्ध जातीची किंमत देऊ नका.

डोळ्यांच्या रंगावर भुलू नका. जन्मतः सगळ्याच पिल्लांचे डोळे निळसर असतात, पक्का रंग तीन-चार महिन्यांनी दिसतो. पांढऱ्या मांजराचे डोळे मोठेपणीही निळेच राहिले, तर ते बहिरं असण्याची शक्यता बरीच असते. त्याला दिसणार नाही असं दूर, मागे उभं राहून टाळी वाजवा. एकाच कानाने बहिरं असेल तर मात्र टाळीने कळत नाही.

आता नाक. विक्रेते डॉल फेस (नाक वर आलेलं), सेमी पंच (थोडं चपटं) आणि पंच (अगदी चपटं) अशी नावं सांगतात. नाक जितकं चपटं तितका भाव चढा. नागपूरच्या उन्हाळ्यासाठी डॉल फेसच घ्या. मांजराला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, तोही नावापुरता. अंग चाटून आणि फार तापलं तर धापा टाकून ते गार होतं. पंच फेसच्या नाकपुड्या अरुंद, त्यामुळे नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा 45 वर गेला की धापही पुरत नाही. थंड स्टीलचा चमचा नाकाखाली धरा, दोन्ही बाजूंना सारखी वाफ धरली पाहिजे. पिल्लू गार खोलीत झोपलेलं असताना 30 सेकंद श्वास मोजून दुप्पट करा. आकडा सतत 30 च्या वर जात असेल किंवा घोरणं ऐकू येत असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्वभावाने ही जात संथ. आवाज हळू, उंच उड्या कमी, रोजचं वेळापत्रक बदललेलं खपत नाही. म्हणूनच आजारी पिल्लू ‘शांत आहे हो’ म्हणून सहज खपवलं जातं. कागदाचा बोळा जमिनीवर सरकवा. शांत पिल्लू निदान नजरेने पाठलाग करतं. आजारी पिल्लू बघतही नाही, डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरा पडदा दिसतो.

आईबापांचा पीकेडी चाचणीचा अहवाल मागा. दोघांपैकी एकालाही हा मूत्रपिंडाचा आजार असेल तर साधारण निम्म्या पिल्लांत तो उतरतो, आणि वरून काहीच दिसत नाही. पिल्लू 12 आठवड्यांआधी आईपासून तोडू नका.

घरी आणल्यावर रोज दहा मिनिटं स्टीलच्या कंगव्याने विंचरा. पाठ सगळेच विंचरतात, गाठी होतात काखेत, पोटाखाली आणि कानामागे. गाठ कात्रीने कापू नका, पातळ कातडी गाठीबरोबर वर येते आणि कापली जाते. उन्हाळ्यात केस कमी करायचे तर सेंटिमीटरभर ठेवा, अगदी कातडीपर्यंत भादरू नका.

मे महिन्यात कूलर पुरतो. जुलैच्या दमट हवेत तोच खोली कोंदट करतो, तेव्हा पंखा आणि उघडी खिडकी बरी. खिडकीला जाळी हवीच. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर बर्फ नको. साध्या पाण्याने पंजे, पोट आणि काखा भिजवा, पंखा लावा आणि लगेच दवाखाना गाठा.