गावच्या हायस्कुलात विद्यार्थी मंडळ कसे सुरू करावे आणि कसे टिकवावे

गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांतल्या हायस्कुलांत विद्यार्थ्यांची मंडळे सुरू होतात उत्साहात, आणि चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, त्यांचे नाव कोणी घेत नाही. मुलांना आवड नसते, हे कारण मला पटत नाही. खरी अडचण वेळेची असते. शाळा सुटली की बालरथ, म्हणजे शाळेची बस, निघतो, तो चुकला तर पुढच्या कदंबा बसची वाट बघत थांबावे लागते, आणि लांबच्या वाड्यावरच्या मुलीला घरचे तसे थांबू देत नाहीत. ‘शाळा सुटल्यावर भेटू’ असे ठरवलेले मंडळ म्हणजे फक्त शाळेजवळ राहणाऱ्या मुलांचे मंडळ होते.

म्हणून मंडळाचे नाव, विषय, उद्घाटन यांच्या आधी वेळ ठरवा. आठवड्यातून एक तासिका, वेळापत्रकात लिहिलेली, आठवी आणि नववीला एकाच वेळी. मुख्याध्यापकांकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. सध्याचे वेळापत्रक कागदावर उतरवून घ्या, कोणती तासिका सरकवता येईल आणि त्या वेळी कोणते सर किंवा टीचर मोकळ्या असतात तेही लिहून न्या. समोर तयार कागद असला की होकार मिळणे सोपे जाते. बालरथाच्या चालकालाही विश्वासात घ्या. वर्षातून दोन-तीनदा कार्यक्रमासाठी थांबावे लागेल, तर तारखा त्याला आधी सांगितलेल्या बऱ्या.

दुसरी पायरी म्हणजे आकडा आवरणे. दोनशे-अडीचशे मुलांच्या शाळेत दोन मंडळे पुरेत, फार तर तीन. विज्ञान, गणित, पर्यावरण, वाङ्मय, कला, क्रीडा, वारसा अशी सात नावे फलकावर लिहिली की तीच चार हुशार मुले सगळीकडे दिसतात आणि बाकीची टाळ्या वाजवायला उरतात. एक निसर्ग मंडळ आणि एक वाङ्मय व लोककला मंडळ, एवढ्यावर सुरुवात करा. एका मुलाने एकाच मंडळात यावे, हा नियम कडक ठेवा.

पदाधिकारी नववीतून घ्या आणि प्रत्येकाच्या जोडीला आठवीतला एक उप ठेवा. दहावीच्या मुलांवर शालान्त परीक्षेचा भार असतो, त्यांना सल्लागार म्हणून बोलवा, जबाबदारी देऊ नका. सचिव, खजिनदार आणि नोंदवही सांभाळणारा, एवढी तीन पदे बास. उद्घाटनाचा समारंभ पहिल्या महिन्यात करूच नका, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. समई, पाहुणे, पुष्पगुच्छ यांत मुलांचा सगळा जोर संपतो. आधी काहीतरी करून दाखवा, मग पाहुण्यांना ते बघायला बोलवा.

आता काम कोणते, हा खरा प्रश्न. भाषण, निबंध, घोषवाक्ये यांनी मंडळ जगत नाही. रोज किंवा आठवड्याला करायचे, मोजता येणारे आणि आपल्याच गावाचे काम हवे.

निसर्ग मंडळासाठी पावसाच्या मोजणीइतके चांगले काम मला दुसरे ठाऊक नाही. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि आपल्या गावात किती पडला हे बहुतेक गावांत कोणालाच सांगता येत नाही. सरळ बाजूंची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडात बसवा. बुडाचा भाग वेडावाकडा असतो, म्हणून तिथे खडे टाका आणि बाजू सरळ होते तिथपर्यंत पाणी भरा. ती शून्याची रेघ. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाजू सरळ असल्याने एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस.

बाटली मोकळ्या जागी ठेवा, इमारतीपासून किंवा झाडापासून त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर. जमिनीपासून फूटभर वर पक्की बांधा, नाहीतर खालून उडालेले पाणीही आत जाते. नोंद सकाळी साडेआठला घ्यायची, कारण भारतीय हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असाच धरला जातो. आपल्याकडे शाळा सकाळी लवकर भरते, तेव्हा ही वेळ तासाच्या मध्येच येईल. दोन मुलांना दोन मिनिटे बाहेर सोडण्याची परवानगी वर्गशिक्षकांकडून आधीच घ्या. नोंद झाली की पाणी पुन्हा शून्याच्या रेघेपर्यंत आणायचे. रविवारी आणि सुटीच्या दिवशी कोण, हे महिन्याच्या सुरुवातीलाच ठरवा. शाळेजवळ राहणारी मुले इथे कामी येतात. एक दिवस चुकला तर तिथे अंदाजाने आकडा भरू नये, रिकामी जागा सोडावी. ही सवय मुलांना लागली तर अर्धे विज्ञान शिकून झाले.

आकडे फलकावर लिहायला लागा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’, असे हवामान खात्याचे टप्पे आहेत. तेही बाजूला लिहून ठेवा. अशा मोठ्या पावसाच्या दिवशी बाटली भरून वाहील, म्हणून दुपारी एकदा मोजून पाणी शून्याच्या रेघेपर्यंत आणावे आणि दोन्ही आकड्यांची बेरीज घ्यावी.

पुढचे काम चवथीच्या आधी येते. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, काय काय बांधले, याची घरोघरची यादी. प्रत्येक मुलाने आपल्या घरची माटोळी पाहायची आणि चार गोष्टी लिहायच्या: फळाचे किंवा पानाचे घरात म्हणतात ते नाव, ते रानातून आले की कुळागरातून (सुपारीच्या बागेतून) की बाजारातून, कोणी आणले, आणि आजी-आजोबांच्या आठवणीतले पण आता मिळत नसलेले काय. सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंजन सगळीकडे दिसतील, पण घागऱ्या आणि कांगला ही रानातली फळे कोणाच्या घरी आहेत, कोणाच्या नाहीत, हे बघण्यासारखे असते. याद्या एकत्र केल्या की गावाच्या रानाची हकिगत हाती येते. दोन सूचना मात्र आधी द्या. नोंदीसाठी झाड उपटायचे नाही, आणि कोणतेही रानफळ तोंडात घालायचे नाही; माटोळीतली काही फळे विषारी असतात.

वाङ्मय मंडळाने हस्तलिखित भित्तिपत्रक काढावे, महिन्याला एक. व्हरांड्यात लावाल तर पावसाळ्यात आठवड्यात कागद फुगतो आणि शाई पसरते, म्हणून वर्गातल्या किंवा वाचनालयातल्या भिंतीवर लावा. मुले घरी कोकणी बोलतात, शाळेत मराठी लिहितात. लिखाणात घरचे शब्द आले तर खोडू नका. विषय देताना ‘माझी आई’ किंवा ‘पावसाळा’ देण्यापेक्षा ‘आमच्या वाड्यावरची विहीर’ किंवा ‘शिगम्यात आमच्या घरचे कोण काय करते’ असे द्या. मजकूर लगेच जिवंत होतो.

लोककलेकडे जरा जपून जा. धालो या बायकांच्या नाचाची किंवा फुगडीची गाणी घरातल्या बायकांकडून लिहून घेणे हे मोलाचे काम आहे, पण हे खेळ जिथे होतात तो मांड ही श्रद्धेची जागा आहे. आधी विचारा, मोबाइल पुढे करण्याआधी पुन्हा विचारा, आणि नको म्हटले तर तिथेच थांबा. घुमट हे मातीचे वाद्य वाजवणारा एखादा जाणता माणूस गावात असतोच. २०१९ मध्ये घुमटाला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावत. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यावर बंदी आहे, म्हणून आता बकऱ्याचे लावतात. हा बदल कसा झाला, आवाजात काय फरक पडला, हे वाजवणाऱ्याच्याच तोंडून ऐकू द्या. त्या दिवशी निसर्ग मंडळालाही बसवा.

पैसा फार लागत नाही. वर्गणी ठेवू नका. दहा रुपयेसुद्धा काही घरांत मागायला जड जातात. कागद, रंग, पट्टी यांचा खर्च पालक-शिक्षक संघाकडे लेखी मागा आणि हिशेब मुलांनाच फलकावर लावू द्या.

सहल वर्षातून एकच. मांडवीतल्या चोडण बेटावरचे सलीम अली पक्षी अभयारण्य रायबंदरहून फेरीबोटीने गाठता येते. हिवाळ्यात सकाळी लवकर जा, पालकांची लेखी संमती घेऊन. डिचोलीकरांना मयेचे तळे जवळचे. पावसाळ्यात धबधब्यावर मुले नेऊ नका, आणि इतर वेळीही पाण्यात उतरू देऊ नका. यात सवलत नाही.

वर्षाचा आराखडा सुट्ट्या बघून आखा. जून ते चवथ हा पहिला सलग काळ. चवथीनंतर सहामाही परीक्षा आणि दिवाळी, तेव्हा नोंदींखेरीज काही नको. दुसरा सलग काळ दिवाळीनंतर नाताळापर्यंत आणि मग जानेवारीभर. वर्षाचे प्रदर्शन २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला धरा. आदल्या दिवशी मराठी भाषा गौरव दिन असतो, त्यामुळे दोन्ही मंडळांचे काम एकदमच मांडता येते. पाहुणे बोलवायचे ते या वेळी.

त्याच आठवड्यात नववीच्या सचिवाने आठवीच्या उपसचिवाला नोंदवही, हिशेब आणि कपाटाची किल्ली द्यावी, शिक्षकांसमोर, सही करून. मार्चमध्ये परीक्षांच्या गडबडीत हे राहून जाते आणि जूनमध्ये वही सापडत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर जुन्या सचिवाने तीन गोष्टी लिहाव्यात: यंदा काय जमले, काय सोडून द्यावे, आणि गावात कोणाकडे जाऊन विचारावे.