लव्हेंडरला कात्री लावण्याआधी

छाटणीचं काम तासाभराचं, पण लव्हेंडरच्या बाबतीत सगळं यश त्याआधीच्या तयारीवर ठरतं. दोन-तीन वर्षं कात्री लागली नाही की झुडपाचं खोड लाकडासारखं कडक होतं, फांद्या बाहेर कलंडतात, मधोमध पोकळी पडते आणि फुलं फक्त टोकांशी येतात. मग ते पुन्हा घेरदार करणं जवळपास अशक्य. म्हणून छाटणी दर वर्षी, आणि नीट पाहून.

पहिलं काम, आपलं लव्हेंडर कोणतं ते ओळखा. वेळ त्यावरच ठरते. इंग्लिश लव्हेंडर, म्हणजे लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया, उन्हाळ्यात एकदा भरभरून फुलतं. तो बहर ओसरला की लगेच छाटायचं. लॅव्हेंडिन हा त्याचा संकर. झुडूप मोठं, देठ लांब, फुलं थोडी उशिरा. त्याचीही छाटणी बहरानंतरच. तुऱ्याच्या टोकाला सशाच्या कानांसारख्या उभ्या पाकळ्या दिसल्या तर ते स्टोईकास. ते लवकर फुलू लागतं आणि पुन्हा पुन्हा फुलतं, म्हणून सुकलेले तुरे वरचेवर काढा आणि बहर संपल्यावर हलकीच छाटणी करा. जोराची छाटणी त्याला सोसत नाही.

मग कॅलेंडर बघा. जिथे हिवाळ्यात पानांवर हिम साचतं, तिथे कडाक्याच्या थंडीआधी सहा-आठ आठवडे तरी हाताशी हवेत, नाहीतर छाटणीनंतर आलेली कोवळी फूट थंडीत करपते. उत्तर गोलार्धात ही वेळ साधारण ऑगस्टअखेरपर्यंत, दक्षिणेत फेब्रुवारीअखेरपर्यंत. हुकली तर घाई नको. तुरे तेवढे काढून टाका आणि खरी छाटणी वसंतात, नवे कोंब दिसू लागले की करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे हवा तेवढा वेळ द्या. झुडपाशी खाली बसा, पानं हाताने बाजूला सारा आणि एकच फांदी वरून खाली न्याहाळा. वर सुकलेला तुरा, त्याखाली पानं नसलेला लांब देठ, मग राखाडी-हिरव्या पानांचा मऊ भाग. आणखी खाली गेलं की साल तपकिरी होते, सोलवटलेली दिसते, पानं संपतात. हा हिरवा भाग जिथे संपतो तीच तुमची सीमा. गुलाब जुन्या लाकडातूनही फुटतो. लव्हेंडरच्या जुन्या, उघड्या लाकडातून नवी फूट येईल याचा मात्र भरवसा नसतो. तिथे कापलेली फांदी बहुतेक वेळा वाळूनच जाते. म्हणून सीमेच्या वर दोन-तीन सेंटीमीटर हिरवा भाग राखायचा. पानांच्या बेचक्यात बारीक कोंबांचे झुपके दिसतात, काप त्यांच्या वर यायला हवा. नजर बसेपर्यंत चार-पाच फांद्यांना सीमेपाशी रंगीत दोरा बांधून ठेवा. फार उपयोगी पडतो.

हत्यार धारदार हवं. एक-दोन झुडपांना हातकात्री पुरते, पाती एकमेकींवरून सरकणारी; ओळीने लावलेल्या कुंपणाला लांब पात्यांची कात्री बरी. बोथट पातं फांदी चिरडतं आणि चिरडलेल्या जागी बुरशी शिरते. पाती स्पिरिटने पुसा, एका झुडपाकडून दुसऱ्याकडे जाताना पुन्हा पुसा.

दिवस कोरडा निवडा, पानांवर दव नको. तुऱ्यांवर मधमाश्या अजून येत असतील तर खुशाल आठवडाभर थांबा. शेवटची फुलं त्यांच्या कामाची असतात. फुलं सुकवून ठेवायची असतील तर तो विचार आधीच व्हायला हवा, कारण त्यासाठी तुऱ्यातली निम्मी फुलं उमलली असतानाच ती कापावी लागतात.

किती कापायचं? तुरा आणि देठ तर जाणारच, शिवाय पानांचा थोडा भाग. सगळं मिळून झुडपाच्या साधारण एक तृतीयांश. आकार घुमटासारखा ठेवा, म्हणजे कडेच्या फांद्यांनाही ऊन मिळतं. पहिल्या वर्षाच्या रोपाचे मात्र नुसते शेंडे खुडा, त्याने ते घेरदार होतं.

झुडूप म्हातारं झालं असेल, खाली नुसतं लाकूड उरलं असेल, तर कात्रीसोबत कुंडीही तयार ठेवा. त्यात भरपूर वाळू मिसळलेली, निचऱ्याची माती भरा. तुरा न आलेल्या सात ते दहा सेंटीमीटरच्या फांद्या घ्या, खालची पानं काढा आणि लगेच खोचा. जुन्या झुडपावर जोराच्या छाटणीचा जुगार खेळण्यापेक्षा त्याचीच नवी रोपं करणं मला केव्हाही पटतं.

गोळा करायला जुनी चादर खाली अंथरा. काम झालं की झुडपाच्या मध्यात अडकलेला पाला बोटांनी काढून टाका, तो ओला राहिला की आतून कुज सुरू होते. खत देऊ नका, आणि जमिनीतल्या झुडपाला माती सुकल्याशिवाय पाणीही नको.