लाटेकमध्ये थीसिस लिहिताय? मग या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलेय

थीसिस सेक्शनच्या काउंटरवर काकांनी माझी प्रत उघडली, वाचलं एक अक्षर नाही, ड्रॉवरमधून स्टीलची पट्टी काढली आणि पान १ ला डावीकडे लावली. दीड इंच, बरोबर. पान २, एक इंच. मग पान ४, ६, ८, सगळीकडे एकच. "सम पानांना समास कुठंय?" सबमिशनला चार दिवस, पाच प्रती छापून तयार, आणि मी आपली तिथे उभी राहून सांगतेय की काका, टेम्प्लेटमध्ये दीडच टाकलंय हो.

टाकलं होतंच. लाटेक (LaTeX) म्हणजे साध्या फाईलमध्ये मजकूर आणि कमांड लिहायच्या आणि त्यातून पीडीएफ बनवायची. पण सिनियरकडून आलेलं ते टेम्प्लेट 'बुक' क्लासवर (क्लास म्हणजे फाईलच्या सुरुवातीला सांगायचा दस्तऐवजाचा प्रकार) होतं, आणि बुक म्हणजे पुस्तक, दोन्ही बाजूंनी छापायचं, म्हणून त्यात टू-साइड आपोआप चालू असतं आणि तिथे 'लेफ्ट'चा अर्थ डावीकडचा समास असा होत नाही, शिवणीकडचा समास असा होतो. विषम पानावर शिवण डावीकडे, सम पानावर उजवीकडे. आपण छापणार एकाच बाजूने आणि बाइंडर सगळी पानं डावीकडूनच शिवणार, म्हणजे अर्धी थीसिस शिवणीत घुसलेली. उपाय एका शब्दाचा: डॉक्युमेंट क्लासच्या चौकटी कंसात 'वनसाइड' लिहा. प्रकरणांच्या आधी जी कोरी पानं येतात (आणि जी काढायला लोक पीडीएफ एडिटर शोधत बसतात) तीसुद्धा त्याच शब्दाने जातात. त्याच कंसात 'एफोरपेपर'पण लिहून टाका, कारण काही सांगितलं नाही तर लाटेकचे मूळ क्लास अमेरिकन लेटर कागद धरतात, २१५.९ बाय २७९.४ मिमी, आणि आपला एफोर २१० बाय २९७. तुमच्या विद्यापीठाला दोन्ही बाजूंनी छापलेलं चालत असेल तर मात्र टू-साइडच ठेवा, तेव्हा ते बरोबर असतं. सर्क्युलर वाचा आधी, मी नव्हतं वाचलं.

(कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितेय, फाईलमध्ये अर्थातच इंग्रजीत आणि पुढे बॅकस्लॅश लावून.)

त्यानंतर डिपार्टमेंटमधल्या ज्युनियर पोरापोरींच्या बऱ्याच फाईली माझ्याकडे आल्या, "ताई जरा बघ ना" म्हणून, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी हेच की चूक दिसते एकीकडे आणि असते भलतीकडे, आणि माणूस जिथे दिसतेय तिथेच रात्रभर ठोकत बसतो.

ओळींमधलं अंतर

सर्क्युलरमध्ये असतं 'टाइम्स न्यू रोमन १२, दीड स्पेसिंग'. तुम्ही सेटस्पेस पॅकेज (पॅकेज म्हणजे लाटेकला जोडायची जादा सोय) घेता, वनहाफस्पेसिंग लिहिता, आणि गाईड म्हणतात हे दाट दिसतंय, वर्डमध्ये असं नसतं. दोघंही बरोबर असतात! लाटेकमध्ये १२ पॉइंटच्या अक्षराला मुळात १४.५ पॉइंटची ओळ असते, आणि वनहाफस्पेसिंग तिला १.२४१ ने गुणतं म्हणजे १८ पॉइंट होतात, अक्षराच्या बरोब्बर दीडपट. वर्डचा हिशोब वेगळा, तिथे टाइम्सची सिंगल ओळच साधारण १३.८ पॉइंटची आणि तिची दीडपट म्हणजे २०.७. मग कोणीतरी सेटस्ट्रेच १.५ टाकतं, ते जातं २१.७५ वर, वर्डपेक्षाही सैल. वर्डसारखंच हवं असेल तर १.४३ टाका, पट्टीला फरक कळणार नाही. माझं मत विचाराल तर १८ वालंच वाचायला चांगलं, पण थीसिस सेक्शनशी सौंदर्यावर वाद घालायचा नसतो.

आणि हो, ओळ संपवायला किंवा दोन पॅराग्राफमध्ये जागा सोडायला दोन बॅकस्लॅश मारत जाऊ नका. एक कोरी ओळ सोडली की पॅराग्राफ बदलतो, बस. जागा कमीजास्त हवी तर एकदाच वर सेटिंगमध्ये सांगा. पानापानावर व्हीस्पेस (हाताने उभी जागा सोडायची कमांड) टाकून सजवलेली थीसिस गाईडनी मधे एक परिच्छेद वाढवायला सांगितला की पूर्ण कोलमडते.

टक्क्याने खाल्लेला पॅराग्राफ

ही चूक मला सगळ्यात भयंकर वाटते, कारण हिच्यात एरर येतच नाही. एका ज्युनियरचा मेसेज, "ताई, चौथ्या प्रकरणातलं विश्लेषण कमी झालंय, मी डिलीट नाही केलं." फाईल उघडली तर सगळं जागेवर, पीडीएफमध्ये मात्र वाक्य 'प्रतिसादकांपैकी ६२' इथे येऊन थांबलेलं आणि पुढे थेट नवा पॅराग्राफ. तिने लिहिलेलं '६२% महिला' आणि लाटेकमध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे कॉमेंट, इथून ओळ संपेपर्यंत दुर्लक्ष कर. आता आपण टाइप करताना एंटर कुठे मारतो, पॅराग्राफ संपल्यावरच, म्हणजे लाटेकच्या लेखी तो अख्खा पॅराग्राफ एकच ओळ. सहा वाक्यं गेली. सर्व्हेवाली थीसिस म्हणजे टक्केच टक्के, तिच्यात अशा अकरा जागा निघाल्या, दोन वेळा गाईडनी वाचूनही कोणाच्या लक्षात आलं नव्हतं (यावर मी काही बोलत नाही).

टक्क्याच्या आधी बॅकस्लॅश द्यायचा. अँडचं चिन्ह, अंडरस्कोअर, हॅश, डॉलर यांनाही तसंच, फरक इतकाच की हे चौघं बहुतेक वेळा निदान आरडाओरडा करतात. 'मिसिंग डॉलर इन्सर्टेड' आला की समजायचं कुठेतरी नुसता अंडरस्कोअर राहिलाय, बहुतेक वेळा एखाद्या फाईलच्या नावात किंवा व्हेरिएबलच्या नावात, डॉलरशी त्याचा सहसा काही संबंध नसतो. वर्डमधून मजकूर उचलून टाकलाय तर सबमिशनआधी एडिटरमध्ये फक्त टक्क्याचं चिन्ह सर्च करा आणि एकेक बघत जा, पंधरा मिनिटांचं काम आहे.

आकृतीचा नंबर चुकतो

"आकृती ४.२ मध्ये दाखवल्याप्रमाणे" असं येतंय आणि खाली आकृतीवर लिहिलंय ४.७. लोक काय करतात, रेफ (नंबर आपोआप आणणारी कमांड) काढून हाताने ४.७ लिहितात, आणि मग मधे एक आकृती वाढली की पुढचं सगळं गेलं. खरी भानगड अशी की लेबल (रेफ जिच्यावरून आकृती ओळखतो ती खूण) कॅप्शनच्या आधी लिहिलंय. आकृतीला नंबर मिळतो कॅप्शनच्या वेळी, त्याआधी लेबल लावलं तर ते शेवटचा जो नंबर हाताशी असेल तो उचलतं, म्हणजे सेक्शनचा, ४.२. आणि तो इतका खरा वाटतो की कोणाला शंकाही येत नाही. आधी कॅप्शन, मग लेबल. टेबललाही हेच.

आकृती भलत्या पानावर पळते ही दुसरी तक्रार. ती पळू द्या, लाटेक जागा बघून ठेवतं आणि तुम्ही मजकुरात नंबर दिलाय ना. नुसतं 'एच' (इथे) लिहिण्याऐवजी एच-टी-बी-पी (इथे, वर, खाली, वेगळ्या पानावर) चारही अक्षरं द्या म्हणजे त्याला पर्याय राहतात. अगदीच गाईड अडून बसले तर फ्लोट पॅकेज घेऊन कॅपिटल एच, पण मग अर्धं पान रिकामं दिसलं तर माझ्याकडे यायचं नाही.

संदर्भांच्या जागी प्रश्नचिन्हं

स्वतःच्या लॅपटॉपवर करत असाल तर क्रम असा: लाटेक, बिबटेक, परत लाटेक, परत लाटेक. पहिल्या वेळी काय काय हवंय त्याची यादी होते, बिबटेक (संदर्भयादी बनवणारा प्रोग्राम) ते तुमच्या बिब फाईलमधून शोधून आणतं, पुढच्या दोनदा जागेवर बसतं. एकदाच चालवून प्रश्नचिन्हं दिसली म्हणून घाबरायचं नाही. ओव्हरलीफ (ब्राउझरमध्ये लाटेक चालवायची वेबसाइट) हे स्वतःच करतं, तरीही प्रश्नचिन्ह असेल तर बिब फाईलमधल्या त्या एंट्रीत स्वल्पविराम राहिलाय नाहीतर कीचं (संदर्भाला दिलेल्या खुणेच्या नावाचं) स्पेलिंग दोन ठिकाणी वेगळंय.

गूगल स्कॉलरवरून उचललेल्या एंट्र्या न बघता टाकू नका. बऱ्याच स्टाईल शीर्षकातली कॅपिटल अक्षरं लहान करतात, मग डीएनए आणि इंडिया दोन्ही लहान लिपीत छापून येतात, म्हणून असे शब्द महिरपी कंसात ठेवायचे. संस्थेचं नाव लेखक म्हणून असेल तर दुहेरी महिरपी कंस, नाहीतर बिबटेक 'युनिव्हर्सिटी ग्रँट्स कमिशन'ला माणूस समजतं, आडनाव कमिशन, नाव युनिव्हर्सिटी, मधलं नाव ग्रँट्स. मी हे छापून दिलेलं आहे, सिनॉप्सिसमध्ये.

मराठी मजकूर

मराठीत थीसिस किंवा नुसत्या मुलाखती, प्रश्नावली मराठीत असतील तर पहिली गोष्ट, पीडीएफलाटेक (फाईलची पीडीएफ करणारा नेहमीचा कंपायलर) सोडा. ओव्हरलीफच्या सेटिंगमध्ये कंपायलर बदलून झीलाटेक करा, फाँटस्पेक पॅकेज घ्या. त्यात फाँट नुसता नावाने बोलावला तर 'विद्यार्थी'ची वेलांटी व च्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून वेगवेगळी उभी राहतात. सगळे म्हणतात फाँट खराब आहे आणि दहा फाँट बदलून बघतात. फाँटला काही झालेलं नसतं, त्याच्या ऑप्शनमध्ये 'स्क्रिप्ट इक्वल टू देवनागरी' लिहायचं राहिलंय. त्याच्या शेजारी 'लँग्वेज इक्वल टू मराठी'पण लिहा, कारण ज्या फाँटमध्ये सोय असते तिथे त्याने ल आणि श आपले मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात, आणि मराठीच्या परीक्षकाच्या ते डोळ्यात भरतं. फाँट म्हणाल तर नोटो सेरिफ देवनागरी चालतो, आयआयटी मुंबईचा शोभिका पण चांगला आहे, त्यात रोमन अक्षरंही आहेत.

जुना मजकूर श्रीलिपीत किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेला असेल तर तो कॉपी करून टाकू नका, रोमन अक्षरांचा कचरा येईल. त्यात दिसायला मराठी असतं पण आत इंग्रजी की असतात. कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या आणि मग डोळ्यांनी वाचा, र्‍हस्व-दीर्घ आणि 'ऱ्या' हमखास बिघडतात.

किरकोळ पण रात्र घालवणारं

एरर तीस आल्या तरी फक्त पहिली वाचा, बाकीच्या बऱ्याचशा तिच्याच पिल्लावळी असतात. काल चालत होतं, आज काहीच न बदलता चालत नाही, तर ऑक्स वगैरे तयार झालेल्या फाईली उडवून परत चालवा (मूळ टेक आणि बिब फाईल उडवू नका म्हणजे झालं). तुमच्या विंडोजवर चित्र दिसतं आणि ओव्हरलीफवर 'फाईल नॉट फाउंड', तर नावातली कॅपिटल-स्मॉल अक्षरं बघा, विंडोजला फरक पडत नाही, तिकडे पडतो. हायपररेफ पॅकेज (पीडीएफमध्ये क्लिक करायच्या लिंक देणारं) शक्यतो शेवटी लावा आणि त्याला 'हाइडलिंक्स' सांगा, तेवढ्याने लिंकभोवतीच्या लाल चौकटी जातात. अनुक्रमणिकेत ऋणनिर्देश दिसत नाही कारण चॅप्टरला स्टार लावलाय, स्टारवालं प्रकरण तिथे आपोआप जात नाही, अ‍ॅडकंटेंट्सलाइनने घालावं लागतं.

शेवटची दोन कामं. शोधगंगेसाठी (देशातल्या पीएचडी थीसिसचा ऑनलाइन साठा) प्रकरणवार पीडीएफ मागतात, तेव्हा प्रत्येक प्रकरण वेगळं कंपाइल करू नका, पानांचे नंबर पुन्हा १ पासून येतात आणि दुसऱ्या प्रकरणातल्या आकृत्यांचे संदर्भ प्रश्नचिन्हं होतात. पूर्ण झालेली एकच पीडीएफ पानांप्रमाणे तोडा.

आणि झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह देऊन चहाला जाऊ नका. त्यांच्याकडे प्रिंटच्या खिडकीत 'फिट' निवडलेलं असतं, त्याने पान थोडं आकसतं आणि तुमचे सगळे समास सरकतात. 'अ‍ॅक्च्युअल साइझ' करायला सांगा आणि आधी फक्त पान १ आणि २ छापून घ्या. पट्टी मी आता बॅगेतच ठेवते.